बाराव्या पानावरचा रेणू

“मॅडम, माणसांचा पण कामगंध असतो का?”

शलाका तोडणकरनं हे थेट माइकवर विचारलं. शेरवलीच्या नारळ-सुपारी बागायतदार संघाच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतून फिस्सकन हसू फुटलं. ते तिच्या मैत्रिणीचं, इल्मा पेवेकरचं होतं. पैज तिनं आणि दुर्वानंच लावली होती. “हिंमत असेल तर सगळ्यांसमोर विचार. नाही विचारलंस तर महिनाभर आमची जर्नल्स तू पूर्ण करायची!” दोन वर्षांपूर्वीची शलाका निमूट जर्नल्स लिहीत बसली असती. पण दहावीत आल्यापासून तिला काय झालं होतं कोण जाणे. हात वर करायची, फळ्यापाशी जायची, चुकली तर स्वतःच आधी हसायची. आपला आवाज आपल्यालाच आवडायला लागला की माणूस करतो ना, तसं सगळं.

स्टेजवर पिळणकर मॅडम होत्या. वय बहात्तर, शेरवली हायस्कुलात तीस वर्षं रसायन शिकवलेल्या, आता संघाच्या सल्लागार. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

“प्रश्न चांगला आहे. खूप लोकांनी खूप वर्षं शोधलाय. खात्रीनं म्हणावा असा अजून तरी सापडलेला नाही. आणि सापडलाच, तर तुम्हा तिघींना सगळ्यात शेवटी कळवीन.”

हॉल खदखदून हसला. शलाकाचे कान तापले, पण छान तापले. त्यातच मॅडम पुढे म्हणाल्या, “हसू नका. आज जी पुस्तिका आपण प्रकाशित करतोय, तिची एकूण एक आकृती ह्या मुलीनं जुळवलीय.” मग तर काय, टाळ्याच टाळ्या! पुढच्या खुर्चीतले पप्पा मागे वळून अशा नजरेनं बघत होते की जणू माइकही तिनंच शोधून काढलाय.

पुस्तिकेचं नाव साधं होतं, ‘बारा कामगंध’. सोंड्या भुंगा माडाच्या खोडात शिरतो, अळ्या आतून गाभा खात सुटतात आणि वरून हिरवागार दिसणारा माड एक दिवस शेंडा टाकून मोकळा होतो. फवारे मारून आत पोचता येत नाही. मग भुंग्यालाच बाहेर बोलवायचं. नर भुंगा एक विशिष्ट गंध सोडून बाकीच्यांना जमवतो. तोच गंध बादलीच्या सापळ्यात टांगला की भुंगे येऊन पडतात. असे बारा किडींचे बारा गंध मॅडमनी पुस्तिकेत एकत्र केले होते.

पूर्वी हे गंध दूरच्या कारखान्यातून पुडीत यायचे. आता संघाच्या शेडमध्ये रेणुयंत्र होतं. गावात त्याला सरळ ‘चक्की’च म्हणायचे, कारण वापर तसाच होता. पुस्तिका न्यायची, हवं ते पान काचेवर ठेवायचं. आकृतीशेजारी तिच्यावरूनच आपोआप तयार झालेला ठिपक्यांचा चौकोन असे, त्यात त्या रेणूचा पूर्ण आराखडा. चक्की तो वाचून साध्या रसायनांचे तुकडे एकाला एक जोडत जाई आणि दुपारपर्यंत चमचाभर गंध हातात. चक्की हुशार होती, पण आज्ञाधारक होती. पानावर जे असेल ते, तसंच्या तसं. म्हणून पान बरोबर असण्याला आता फार मोल आलं होतं.

आणि पान बरोबर ठेवणं सोपं नव्हतं. रेणूला डावं-उजवं असतं. डाव्या पायाची चप्पल आणि उजव्या पायाची चप्पल, दोन्हींत रबर तेवढंच, पट्टे तेवढेच, पण एकीत दुसरा पाय जात नाही. भुंग्याच्या मिशांना गंधाची एकच चप्पल बसते. दुसरी आणून ठेवली तर त्याच्या लेखी बादली रिकामीच. कागद सपाट असल्यामुळे हे डावं-उजवं रेघांनी दाखवतात. जाड त्रिकोणी रेघ म्हणजे अणू आपल्याकडे आलेला, तुटक रेघ म्हणजे कागदाच्या पाठीमागे गेलेला.

ह्या रेघा हातानं काढत नाहीत, अक्षरजुळणीच्या प्रणालीला आज्ञा लिहून द्याव्या लागतात. घोळ तिथेच होता. आज्ञावल्या दोन होत्या, जुनी आणि नवी. दोघींचं एकमेकींशी पटत नसे. एकीत कंस गोल, दुसरीत चौकोनी. एकीत रेणूचं कडं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं मोजायचं, दुसरीत उलट. एकच शब्द दोन्हींत, पण काम वेगळं. पप्पांच्या ‘तोडणकर अक्षरजुळणी’त लग्नपत्रिका, अहवाल, प्रश्नपत्रिका सगळं व्हायचं, रसायनाची आकृती आली की पप्पा हात जोडायचे. आठवीपासून ती कामं शलाकाकडे होती. दोन्ही आज्ञावल्या तिला तोंडपाठ होत्या आणि ह्याचा तिला इतका गर्व होता की झोपेत विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

मॅडमचा मात्र आज्ञांवर विश्वास नसे. त्यांची स्वतःची पद्धत होती. ओल्या सुपाऱ्या घ्यायच्या, त्यांत माडाच्या झावळीचे हीर खोचायचे, टोकांना रंगीत मणी. असा प्रत्येक रेणू छापील आकृतीवरून हातानं करायचा आणि मूळ संदर्भावरून केलेल्या नमुन्याशेजारी धरायचा. फिरवून फिरवून तंतोतंत जुळला, तरच त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बरोबरची खूण. शलाकानं बाराच्या बारा पानांचे रेणू असे करून मॅडमना दाखवले होते, बारा खुणा मिळवल्या होत्या.

तिथेच थांबली असती तर! पण छपाईला जायच्या आदल्या दिवशी तिच्या लक्षात आलं की बाराव्या पानावर, सोंड्याच्या गंधाची लांब शेपटी उजव्या समासात घुसतेय. घाण दिसत होतं. तिनं ‘फ्लिप’ ही आज्ञा दिली. आकृती डावीकडे वळली, पानात अशी सुंदर बसली की तिनं स्वतःचीच पाठ थोपटली. आणि ती उड्या मारत इल्माकडे गेली.

मॅडमचा फोन आला तेव्हा ती इल्माच्या अंगणातल्या झोपाळ्यावर होती, हातात गरम सांदण.

“शलाका, बारावं पान हलवलंस का गं? मला आत्ताच नवी फाइल दिसली.”

“थोडंसंच, मॅडम. शेपटी समासात जात होती. फक्त फ्लिप केलंय.”

“मग फ्लिपनंतर परत सुपाऱ्या जुळवून बघितल्यास ना?”

“हो मॅडम.”

इतकं सहज. घास गिळावा तितकं सहज. खोटं बोलतोय असं तिला वाटलंसुद्धा नाही. घरी गेल्यावर करायचंच होतं की! घरी गेल्यावर दुर्वाचा फोन आला, मग आईनं जेवायला वाढलं, आणि सकाळी फाइल छापायला गेली.

*

चार महिने गेले. पाच गावांतल्या वाड्यांत सापळे लागले. बाकीच्या अकरा गंधांचं कौतुक होत होतं. सोंड्याच्या बादल्या तेवढ्या रिकाम्या होत्या, तळाशी नुसतं पाणी.

शलाकाची आई रोज सकाळी वाडीत एकेका माडाला कान लावायची. पोखरलेल्या माडातून करकर ऐकू येते, कुणीतरी आत बसून ऊस खात असल्यासारखी. तोडणकरांच्या वाडीत अजून शांतता होती. पण चोगल्यांचे नऊ माड गेले. संघाच्या पट्ट्यात मिळून एकतीस. त्यांत दोन पिळणकर मॅडमचे.

शनिवारी संध्याकाळी सभा ठरली. गावात कुजबुज आधीच सुरू होती. “मॅडमचं आता वय झालं हो. सही करून देतात, बघत नाहीत.”

शलाकाला हे ऐकून असा संताप आला! शनिवारी सकाळी तिनं मैत्रिणींना शाळेच्या प्रयोगशाळेत ओढत नेलं.

“बघाच तुम्ही. बारावं पान शंभर टक्के बरोबर आहे. चक्कीतच काहीतरी बिघडलंय. मी संध्याकाळी सभेत नमुना नेऊन सगळ्यांची तोंडं बंद करते.”

“वकीलबाई, आधी सुपारी तरी नीट धरा,” दुर्वा म्हणाली.

विद्यापीठाच्या ज्या पत्रकातून मॅडमनी हा गंध घेतला होता, त्यावरून तिनं एक रेणू केला. पुस्तिकेवरून दुसरा. लाल मणी, पांढरा मणी, जाड रेघ पुढे, तुटक मागे. दोन्ही शेजारी धरले. लाल जुळला, पांढरा जुळला, हिरवा उलट्या बाजूला. तिनं फिरवून बघितलं. आता हिरवा जुळला, लाल गेला. पुन्हा फिरवलं. पुन्हा. हातांच्या दोन पंज्यांसारखे ते रेणू एकमेकांकडे बघत राहिले.

आणि तिला एकदम समजलं. नुसती पाठ असलेली गोष्ट समजावी तसं.

तव्यावरची भाकरी उलटली की वरची बाजू खाली जाते. जुन्या आज्ञावलीतला ‘फ्लिप’ तसा होता. आकृती उलटवताना तो जाड रेघेची तुटक आणि तुटकीची जाड आपोआप करायचा, रेणू तोच राहायचा. मॅडमच्या अकरा आकृत्या जुन्या आज्ञावलीत होत्या. बारावी विद्यापीठाच्या पत्रकातून आलेली, नवीत लिहिलेली. नव्या आज्ञावलीतला ‘फ्लिप’ भाकरी उलटत नव्हता. तो भाकरीला आरसा दाखवत होता. रेघा जशाच्या तशा, फक्त डावं उजवीकडे. पानात सुंदर बसलेला तो रेणू दुसऱ्या पायाची चप्पल होता आणि चार महिने चक्की इमानेइतबारे तीच चप्पल बनवत होती.

“काय झालं?” दुर्वानं विचारलं.

“काही नाही. सुपारी सैल बसलीय.”

इल्मा तिच्याकडे बघत होती. “शलाका, त्या दिवशी मॅडमचा फोन आला तेव्हा तू आमच्या झोपाळ्यावर…” एवढं बोलून ती थांबली. पुढचं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

*

सभेत शलाका मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तोंडं बंद करायला आलेली मुलगी, आणि तिचंच तोंड उघडेना.

चोगले चक्की चालवायचे. ते तावातावानं म्हणाले, “मी पान ठेवलं, चक्कीनं काढलं. माझे स्वतःचे नऊ माड गेलेत, मी कशाला बिघडवीन?”

अध्यक्ष भाई पुळेकरांनी घसा खाकरला. “मॅडम, राग मानू नका. पानावर खूण तुमची आहे.”

“खूण माझीच आहे,” पिळणकर मॅडम उभ्या राहून म्हणाल्या. “पान मी नव्यानं तपासतेय. चूक असेल तर ती माझ्या नजरेतून सुटली. जबाबदारी माझी.”

कुणीतरी पप्पांकडे वळलं. “निलेश, जुळणी तुझ्याकडची ना रे?”

पप्पा उठले. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. “आमच्याकडे मॅडमच्या खुणेशिवाय काही छापत नाही,” ते म्हणाले, आणि बसले. त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते शलाकाला जास्त लागलं.

ठरलं असं, की पुढच्या रविवारी संघ नवा सल्लागार नेमायचा का ते ठरवेल. मॅडमनी पिशवी उचलली. दारातून जाताना त्यांनी शलाकाच्या खांद्यावर हात ठेवला. “अभ्यास कर गं, ह्यात नको लक्ष घालूस.” तो हात शलाकाला घरी जाईपर्यंत खांद्यावर जाणवत होता. ती दोनदा खांदा झटकून चालली.

*

सोमवारी शाळा सुटल्यावर ती मॅडमच्या घरी गेली. सांगायचंच असं ठरवून गेली, आणि फाटकापाशी येऊन दोनदा माघारी वळली.

मॅडम ओटीवर बसल्या होत्या. समोर दोन रेणू, न जुळणारे. त्यांनीही शोधून काढलं होतं तर. शेडवर जाऊन त्यांनी सकाळीच चक्कीचं बारावं पान बंद करवलं होतं, बरोबर आकृती लावून नवा गंध सुरू केला होता. काम झालं होतं. पण त्यांचा चेहरा काम झालेल्या माणसाचा नव्हता.

“ये. तुला एक विचारायचंच होतं. फ्लिप केलंस, हे तू मला फोनवर सांगितलं होतंस. तेवढं आठवतं. त्यावर मी तुला परत तपासायला सांगितलं होतं का गं?”

शलाकानं नजर त्या दोन रेणूंवर वळवली.

“नसणार सांगितलं,” मॅडम स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “मला वाटतं सांगितलं होतं. पण सांगितलं असतं तर तू केलंच असतंस. म्हणजे मीच विसरले. हल्ली दुधाचं भांडंही गॅसवर राहतं. लोक म्हणतात त्यात काहीतरी असेल. काल मुलाला फोन करून डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलंय.”

शलाकाला वाटलं होतं, आपल्यामुळे माड गेले. तेवढ्याचीच लाज गेले दोन दिवस ती उराशी धरून होती. आता तिला कळलं की माड तर बाहेरचे होते. तिनं मॅडमच्या आतलंच काहीतरी पोखरलं होतं. सगळ्या गावाचं गणित बरोबर करणाऱ्या बाई आपल्याच आठवणीवर विश्वास ठेवायला घाबरत होत्या, आणि ते एका ‘हो मॅडम’नं झालं होतं.

“विचारलं होतंत,” ती म्हणाली.

“काय?”

“तुम्ही विचारलं होतंत, मॅडम. सुपाऱ्या परत जुळवल्यास ना, असं. शब्द न् शब्द तसंच.”

मॅडमनी चष्मा काढला. “आणि तू काय म्हणालीस?”

“हो म्हणाले.”

“केलं होतंस?”

“नाही.”

शलाका रडायला लागली तेव्हा मॅडमनी तिला जवळ घेतलं नाही, डोळेही पुसले नाहीत.

“तुला वाईट वाटेल, तरी सांगते,” त्या शेवटी म्हणाल्या, “मला आत्ता तुझा भयंकर राग आलाय. आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटतंय. दोन्ही एकदम. तू घरी जा.”

“तुम्ही रविवारी सांगाल ना सभेत?”

“तीस वर्षं मी कुणाही मुलाची चूक वर्गात वाचून दाखवलेली नाही. आता ह्या वयात सुरू करणार नाही. शुद्धिपत्र काढावं लागेल, पाच गावांत पुस्तिका गेल्यात. तेवढं तुझ्या पप्पांना सांग.”

*

शुद्धिपत्र म्हणजे पुस्तकात घालायची ती छोटी चिठ्ठी, अमुक पानावर अमुक ऐवजी तमुक वाचावे. पप्पांच्या संगणकात तिचा साचा तयारच होता. त्यांनी मंगळवारी तो उघडला आणि शलाकानं जे सांगितलं ते ऐकून खुर्ची मागे घेतली. आईला हाक मारली. आई वाडीतून आली, कानाला माडाच्या सालीचा भुसा लागलेला.

पप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं होतं.

“हे बघ,” ते हळू आवाजात म्हणाले, “शुद्धिपत्रात कारण लिहायची एक रीत असते. ‘मुद्रणदोषामुळे’. माझ्या वडिलांनी तेच लिहिलं, मी तेच लिहितो. त्यात कुणाचं नाव येत नाही, कुणी दुखावत नाही. यंत्रावर जातं आणि संपतं.”

“संपत नाही, पप्पा. सगळे म्हणणार, मुद्रणदोष होता तर मॅडमनी बघितला का नाही.”

“पुढच्या महिन्यात शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांचं काम आपल्याकडे येतंय. तुझ्याच आकृत्या बघून देतायत ते. कळतंय का तुला? तुझं नाव म्हणजे नुसतं तुझं नाहीये. शलाका निलेश तोडणकर. मधे मी आहे, शेवटी दुकानाची पाटी आहे.”

“अहो, पोर आहे ती अजून,” आई म्हणाली. मग शलाकाकडे वळली. “मॅडमना सांगितलंस ना? त्यांना कळलं ना? मग झालं. त्यांनी स्वतःहून तुझं नाव घेतलं नाही, त्यातून काय समजायचं ते समजावं आपण.”

चार दिवस शलाका गप्प होती. एवढी गप्प की दुर्वानं तिला ताप आहे का बघितलं. शाळेत कुणी आकृत्यांबद्दल विचारलं की तिला तोंड लपवावंसं वाटे. शनिवारी प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी तिचं नाव जिल्ह्याच्या विज्ञान मेळाव्यासाठी पुकारलं. टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्या तिच्या अंगावर चिखलासारख्या उडाल्या.

दुपारी चहाच्या वेळी ती पप्पांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. आई दारातच सुपाऱ्या कातरत बसली होती. शलाकाच्या हातात वहीच्या कापलेल्या कागदांची चळत होती.

“मेळाव्याला माझ्याऐवजी दुसरं कुणी जाईल, असं मी हेडमास्तरांना सांगून आलेय,” ती म्हणाली. “आणि शुद्धिपत्र मी लिहिलंय. ऐका. ‘पान बारा. सोंड्या भुंग्याच्या गंधाची आकृती उलटी छापली गेली आहे, ते पान वापरू नये. बरोबर आकृती चक्कीवर मिळेल. आकृती छपाईआधी मी उलटवली. पिळणकर मॅडमनी ती पुन्हा तपासलीस का, असं मला विचारलं होतं. मी न तपासता हो म्हणाले. शलाका निलेश तोडणकर, इयत्ता दहावी.’”

आईचा अडकित्ता थांबला. पप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“मधलं नाव मी खोडायला घेतलं होतं, पप्पा. पण मग ते परत खोटंच झालं असतं. उद्या सभेत मी हे उभी राहून वाचणार आहे. त्यानंतर पाचही गावांत, जिथे जिथे पुस्तिका गेलीय त्या घरी, मी स्वतः नेऊन देणार आहे. अशा चारशे चिठ्ठ्या लागतील. सदतीस लिहून झाल्यात. तुम्ही छापून दिल्यात तर लवकर होईल, नाही दिल्यात तरी मी लिहिणार आहे.”